भाडेकरूची वाटणी

९ नोव्हेंबर

ती. आई,

इतके दिवस पत्र लिहिलं नाही याबद्दल क्षमा मागते. फोन करते तेव्हा ताई म्हणतात, "आई जरा पडली आहे." मी म्हणते, "असू दे, उठवू नका." तुम्ही पडलेल्या नसता हे त्यांना ठाऊक असतं आणि मलाही. तुमची लेक आणि तुमची सून, दोघी मिळून एकच खोटं सांभाळतो. मागे दोनदा लिहायला बसले होते. दोन्ही वेळा मायन्यावरच अडले, 'आई' लिहावं की 'सासूबाई'. शेवटी जे लिहिलं ते वर आहे. पटलं नाही तर खोडा.

लिहिण्याला खास कारण नाही. हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. कारण आहे, पण ते पुढच्या पत्रात.

भाडेकरू बरा आहे. परवा प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने नोंदवून झाल्यावर मी पिशवी उचलून निघाले, तर नव्या बाईंनी विचारलं, "एवढी घाई? घरी कोण आहे?" मी बोलून गेले, "भाडेकरू आहे. त्याची जेवायची वेळ झाली." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की सगळं सांगावं लागलं. नवरा गेल्यानंतरच्या थंडीत सासूबाईंनी आणि मी एका काचेच्या बरणीत पीठ आणि पाणी कालवलं, विकतचं यीस्ट न घालता पाव करायचा म्हणून. त्याला रोज पीठपाणी घालावं लागतं, नाही तर ते उपाशी मरतं. रोज खातो, ओट्यावरची जागा अडवतो, वर बुडबुडे काढून कुरकुर करतो आणि भाडं देत नाही, म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव भाडेकरू ठेवलं. बाई खूप हसल्या. मग विचारलं, "सासूबाई तुमच्याजवळच असतात?" मी म्हटलं, "सध्या लेकीकडे गेल्यात." 'सध्या' हा शब्द मी बसभर चघळत आले.

त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. बरणी मांडली ती पावासाठी नव्हती. मी कामावरून यायची तेव्हा तुम्ही दिवा न लावता शिवणयंत्रापुढे बसलेल्या असायच्या, सुईत दोरा नसायचा. मला तुमच्या हाताला काहीतरी काम द्यायचं होतं, ज्याला 'आज राहू दे' म्हणता येणार नाही असं. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुमच्या प्रयोगशाळेतले जंतू आता घरात पाळणार का?" आणि बरणीच्या तोंडाला कापडाची टोपी शिवून दिलीत, वर चुण्या घालून.

पाव मात्र हल्ली बसका होतो. थंडीमुळे असेल. कणीक फुगते, पण भट्टीत वर उठत नाही, आडवी पसरते. आपला पहिला पाव आठवतो? तुम्ही तो ओट्यावर ठोकून म्हणाला होतात, "दाराला टेकू म्हणून चांगला आहे." त्या मानानं हा बरा, पण पीठ हाताला कसं लागायला हवं ते मला नीट आठवत नाही. तुम्ही म्हणायचा, "कानाच्या पाळीसारखं." कणीक दाबायची, मग स्वतःची पाळी, मग पुन्हा कणीक. काल मीही तसं करून पाहिलं. कानाला पीठ लागलं, बाकी काही कळलं नाही.

तुमच्या चष्म्याचा नंबर तपासायची वेळ झाली असेल. तिकडे कुणी चांगलं

हे वाक्य इथेच सोडते.

तुमची,
सून

२१ नोव्हेंबर

ती. आई,

मागच्या पत्रात मी एक माणूस लपवला आणि चष्म्याच्या वाक्यात तो जवळजवळ बाहेर आलाच होता. खोडायला हवं होतं, पण खाडाखोड केलेलं पत्र तुम्हाला पाठवणं बरं वाटेना, आणि नवा कागद घेतला असता तर तो माणूस अजिबातच आला नसता.

तर चष्मेवाला. हे नावही तुम्हीच दिलेलं. तुमचा चष्मा करायला मी तुम्हाला त्यांच्या दुकानात नेलं होतं. त्यांनी तो तुमच्या नाकावर बसेपर्यंत चारदा काढघाल केली आणि तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, "माणूस चिकट आहे, पण काम नीट करतो." नंतर मी उगाचच माझ्या चष्म्याचे स्क्रू आवळून घ्यायला जात राहिले. तुम्ही एकदा म्हणालात, "तुझ्या चष्म्याचे स्क्रू फारच ढिले होतात गं." मी मान खाली घालून कणकेची घडी घालत राहिले.

मी तुम्हाला सांगितलं त्या संध्याकाळचं मला अजून नीट उलगडलेलं नाही. पाव नुकताच भट्टीतून काढला होता. तुम्ही नेहमीसारख्या वाकून कान लावून ऐकत होतात, कवच तडतडतं ते. "बोलतोय बघ," म्हणालात. आणि त्या बोलण्यात मी माझं बोलणं घुसवलं: "आई, मी त्यांच्याशी लग्न करावं म्हणते." तुम्ही सरळ उभ्या राहिलात, सुरी घेतलीत आणि गरम पाव कापायला लागलात. मी म्हटलं, "आई, गार होऊ द्या, आतून चिकट राहील." तुम्ही म्हणालात, "राहू दे." तुम्ही चार तुकडे कापले आणि एकही खाल्ला नाहीत. पुढच्या आठवड्यात म्हणालात, "लेकीकडे जाऊन येते." येते म्हणालात, म्हणून मी कधी ते विचारलं नाही. पण तुम्ही शिवणयंत्रावर चादर घालून तिची टोकं खाली बांधून ठेवलीत. चार दिवसांसाठी जाणारं माणूस चादरीच्या गाठी मारत नाही.

मी त्याचा अर्थ लावला तो असा: तुम्हाला हे आवडलं नाही, आणि आवडलं नाही असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही असं तुम्हाला वाटलं, म्हणून तुम्ही गेलात. चुकत असेन तर सांगा. बरोबर असेल तरीही सांगा.

आता कारण. आम्ही जानेवारीत नोंदणी कचेरीत जाऊन सही करणार होतो. हार-पाहुणे काही नाही. पण परवा चष्मेवाले घरी आले, बसका पाव खाल्ला, "चांगला आहे" म्हणाले (खोटं बोलताना ते चष्मा पुसतात) आणि मग म्हणाले, "तारीख पुढे ढकलू या."

मी विचारलं, "का?"

"मी आलो म्हणून कुणी गेलं, असं घर मला नको. सकाळी उठून त्या खोलीवरून जायचं कसं?"

मला राग आला. आधी त्यांचा, मग तुमचा, मग खरं सांगायचं तर बरणीचा, कारण समोर तीच होती. एकीकडे वाटतं, चाळिशी उलटल्यावर मिळालेलं माणूस मी गमावू नये. आणि तुम्ही इथे नसताना ते मिळालं तर ते अर्धंच मिळेल. दोन्ही हवं म्हणणं हावरेपणाचं आहे का, हे मी स्वतःला रोज विचारते.

तुम्ही परत या. हेच कारण होतं.

तुमची,
सून

३० नोव्हेंबर

ती. आई,

काल ताईंचा फोन आला. या वेळी मी "उठवू नका" म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "वहिनी, आज आई खरंच झोपली आहे. म्हणून बोलते. तुम्ही तिला ती बरणी का दिलीत?"

मी म्हटलं, "म्हणजे? तिकडे पाव करता यावा म्हणून."

"तिनं एकदाही उघडली नाही. आली त्या दिवशी फ्रिजच्या दारात ठेवली, तशीच आहे. वर काळं पाणी आलंय. मी टाकायला निघाले तर म्हणाली, 'हात लावू नको, तो माझा वाटा आहे.'"

"वाटा?"

"तेच मी विचारलं. तर म्हणाली, 'सुनेनं मला माझा वाटा काट्यावर तोलून बांधून दिला. चमचाभरसुद्धा इकडचा तिकडे गेला नाही. आता मी काय समजायचं?'"

आई, मी फोन ठेवला आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. तो वजनकाटा समोरच होता.

मला ती दुपार लख्ख आठवते. तुम्ही बॅग भरत होतात. माझ्या मनात आलं, तिकडे तुम्ही पुन्हा रिकाम्या बसाल. म्हणून बरणी काढली. रोज आपण जेवढं काढून बाजूला करतो तेवढं चमचाभर दिलं असतं तरी चाललं असतं. तेवढ्यावर नवी बरणी उभी राहते, हे तुमच्याइतकं मलाही ठाऊक आहे. पण मला वाटलं, चमचाभर देणं म्हणजे उरलंसुरलं देणं. तुमचा त्याच्यावर माझ्याइतकाच हक्क. म्हणून मी दोन बरण्या घेतल्या, काट्यावर ठेवल्या आणि निम्मं निम्मं केलं. तुम्ही दारात उभ्या होतात. एकीकडे किंचित जास्त झालं, तर मी चमच्यानं ते दुसरीकडे घातलं. तुमच्या देखत. आणि वर म्हणाले, "आता बरोबर झालं."

मी दिवसभर पाणी मोजते, मिलिलिटरचा दहावा भागसुद्धा चुकू देत नाही. त्यामुळे नीट मोजलं की नीट वागले असं मला वाटतं. ज्या घरात माणसं वेगळी होतात तिथेच भांडी अशी काट्यावर चढतात, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्हाला दिसलं ते असं: सुनेनं लग्न ठरवलं, सासूनं बॅग भरली आणि सुनेनं चूल वेगळी करून दिली, एक चमचाही न चुकता.

मी काल दिवसभर स्वतःला विचारलं, की तसं थोडंसुद्धा माझ्या मनात नव्हतं का? तुम्हाला खोटं लिहिणार नाही. वाटणी मनात नव्हती. पण बरणी तुमच्या बॅगेत ठेवताना मला हलकं वाटलं होतं. तुम्हाला रिकाम्या हातानं पाठवत नाही, असं समाधान. 'जाऊ नका' म्हणण्याऐवजी मी बरणी दिली. बरणी देणं सोपं होतं.

म्हणून आता म्हणते. मला वाटणी नको होती आणि नको आहे.

काळं पाणी आलं म्हणजे तो मेला असं नाही. भूक लागली की ते वर येतं. पाणी ओतून टाकायचं, वरचा करडा थर काढायचा आणि तळाचं चमचाभर घेऊन पीठपाणी द्यायचं. दोन-तीन दिवस ढिम्म राहील, मग उठेल. पण तिकडे पाव करा असं मी सांगत नाही. त्याला उठवा आणि घेऊन या. दोन्ही बरण्या एका भांड्यात ओतू. काट्याशिवाय.

तुमची,
सून

८ डिसेंबर

ती. आई,

उत्तर नाही. ताईही फोनवर फक्त हवापाण्याचं बोलतात. मी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत.

आज रविवार, म्हणून पाव केला. चष्मेवाले आले होते. त्यांना कणकेच्या घड्या घालायला शिकवलं. पाण्यात हात बुडवायचा, एका बाजूनं उचलायची, ताणायची, मध्ये आणून टाकायची, भांडं फिरवायचं. ते इतक्या हळू हातानं करत होते की मी म्हटलं, "ती भिंग नाही, फुटत नाही." ते म्हणाले, "तुमच्या सासूबाई कशा करायच्या?" मी सांगितलं, तुम्ही एकदा रागावून कणीक इतक्या जोरात आपटली होतीत की खालच्या मजल्यावरचे आजोबा वर विचारायला आले, काही पडलं का. आणि तुम्ही दार उघडून शांतपणे म्हणालात, "पडलं नाही, पाडलं."

ते हसले. मग म्हणाले, "मी त्यांना पत्र लिहू का?" मी नको म्हटलं. हे आपलं आहे असं मला वाटलं. ते बरोबर केलं की नाही, सांगता येत नाही. ज्याला घरात घ्यायचं त्याला 'हे आपलं आहे, तुमचं नाही' म्हणणं हीही एक वाटणीच झाली.

पाव आज उठला. फार नाही, पण चिरेपाशी ओठ फुटल्यासारखा उघडला. खाली ठोकून पाहिला, पोकळ वाजला. मी कान लावला. बोलत होता. तुम्हाला हाक मारायला मी मागे वळलेसुद्धा.

लहान पत्र आहे. मागण्यासारखं जे होतं ते मागून झालं आहे.

तुमची,
सून

१४ डिसेंबर

ती. आई,

हे पत्र टपालात टाकणार नाही, ते पोचण्याआधी तुम्ही निघालेल्या असाल. तुमच्या खोलीत उशीवर ठेवणार आहे. कालच्या फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. ऐकलेलंही लिहून ठेवते, म्हणजे मी काही वाढवून ऐकलं नाही याची खात्री राहील.

फोन उचलला तर 'कशी आहेस' नाही, काही नाही.

"अगं, ते काळं पाणी ओतून टाकायचं ना? की आत ढवळायचं?"

"ओता, आई."

"ओतलंच मी. तरी विचारते. वास असला येत होता, रंगाऱ्याच्या डब्यासारखा."

"भूक लागली की तसा येतो."

"मग मलाही येत असेल. इथे सगळे मला मऊ भात घालतात, आजारी असल्यासारखा."

मी हसले. मग तुम्ही सांगितलंत, की त्याला तुम्ही चार दिवसांपूर्वीच उठवलंय, ताईंच्या शेगडीशेजारी ठेवून. दोन दिवस मेल्यासारखा पडून होता आणि आज बरणीबाहेर आला. जावयांच्या पेपरवर.

"तुझी पत्रं मी वाचली," म्हणालात. "सगळी. एवढं कशाला स्वतःला सोलतेस? कांदा आहेस का?"

"तुम्ही रागावला होतात ना?"

"लग्नावर? नाही गं. गरम पाव कापला तो रागानं नाही. हाताला काहीतरी हवं होतं. तूच तर ती सवय लावलीस." मग, "मला वाटलं, पोरगा गेला, आता सूनही दुसऱ्याची होणार, तर त्या घरात मी कोण? सुनेच्या नवऱ्याची कोण लागते मी? त्याला शब्दच नाही. बिननावाचं माणूस म्हणून राहायचं नव्हतं मला. लेकीकडे निदान आई तरी असते."

"तुम्ही इथेही आईच आहात."

"ते तू पत्राच्या वर लिहिलंस. मी खोडलं नाही."

एवढं बोलून तुम्ही एकदम कामाचं विचारायला लागलात. "प्रयोगशाळावाल्या बाई, दोन बरण्या एका भांड्यात ओतल्या तर चालतं? याला आता इकडचं पीठ, इकडचं पाणी. दोघांचं जमेल का?"

"पहिले दोन दिवस भांडतील. मग कोण कुठला ते ओळखू येणार नाही."

"भांडू देत. भांडणाला माणसं तर हवीत घरात." आणि मग, "तुझ्या त्या चष्मेवाल्याला सांग, डावी काडी कानामागे टोचते. आणि तारीख घे म्हणावं. माझ्यामुळे अडवून ठेवायला मी काय सिग्नल आहे?"

ते दुकानातच होते. मी जाऊन निरोप सांगितला. त्यांनी चष्मा पुसला नाही. काढून हातात धरला. मग विचारलं, "डावी काडी?" आणि लहान पक्कड वेगळी काढून ठेवली.

आता ते, जे तुम्ही सगळ्यात शेवटी बोललात. फोन ठेवता ठेवता, गाडीची वेळ सांगून झाल्यावर.

"आणि माझ्या खोलीची आतली कडी बसव."

मी म्हटलं, "ती गंजली होती."

"गंजली नव्हती. मीच आदल्या वर्षी नवी लावून घेतली होती. तो गेल्यावर महिन्याभरात तू ती काढलीस. मी देवळासारखं दार उघडं ठेवून झोपत होते, तरी स्क्रूची भोकं दिसायचीच की."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तू घाबरली होतीस, मी आत काही करून घेईन म्हणून. आणि खोटं नाही सांगत, तेव्हा घाबरण्यासारखंच होतं. बरं केलंस तू." तुमच्या मागे ताईंच्या घरात नळ चालू होता, तो बंद झाला. "पण आता बसव. आता घरात पुरुषमाणूस येणार, मला कपडे बदलायला दार लावायला नको? आणि मी आत कडी लावून बसले तर तू दारावर टकटक करत उभी राहायचं नाही. मी बाहेर येईन."

"बरं," म्हणाले मी.

आई, त्या दिवसांत मी बरणीचं काम काढलं आणि कडीही काढली. एक गोष्ट तुमच्या हातात दिली आणि एक काढून घेतली. दोन्हींतलं एकही तुम्हाला विचारून केलं नाही. इतके दिवस मला वाटत होतं, मी तुम्हाला सांभाळते आहे आणि तुम्हाला ते कळत नाही. तुम्ही मात्र तुम्हाला कळलंय हे मला कळू दिलं नाहीत, मला शांत झोप लागावी म्हणून.

कडी स्वयंपाकघरात शेवटच्या खणात आहे, पुसायच्या फडक्यांखाली. चार स्क्रूही तिथेच एका पुडीत. मी मघाशी काढून पाहिले. गंज कुठेच नाही. जुनी भोकं मोठी झाली असतील तर त्यात आधी लाकडाची काडी भरावी लागेल. चष्मेवाले म्हणाले, मी लावून देतो. त्यांना सांगितलं, ही मीच काढली होती, मीच लावते.

उद्या: कडी बसवणे.